मगोची मते गोव्याच्या नकाशावर कुठे आहेत आणि तिथेच का आहेत

विचारलेला प्रश्न तीन भागांचा आहे. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे मगोला, गोव्याच्या काही तालुक्यांतच मते का मिळतात. २०१७ मध्ये अकरा टक्क्यांहून अधिक मते मिळूनही या पक्षाला तीनच जागा का मिळाल्या. आणि त्याचा जुना मतदार आता भारतीय जनता पक्षाचा झाला आहे असे मानावे का? मी अनेक वर्षे गोव्यातील निवडणुकांचे मतदान केंद्रनिहाय निकाल, म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याने भरलेला फॉर्म २०, वाचत आलो आहे. त्या अनुभवातून सांगतो की या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. राज्यभराच्या टक्केवारीकडे न पाहता तालुका, मग मतदारसंघ आणि मग केंद्र अशा क्रमाने खाली उतरत गेल्याशिवाय मगो कळत नाही. मगोचे बळ त्याच्या मतांच्या संख्येपेक्षा त्या मतांच्या साठण्यावर अवलंबून राहिले आहे, आणि सत्तेच्या काळात जे खरे होते तेच आजच्या पडत्या काळातही खरे आहे.

सुरुवात तालुक्यांपासून करावी लागते. गोव्यातील जुनी माणसे आजही जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी आणि नंतर जिंकून घेतलेला मुलूख, असा भेद करतात. तिसवाडी पोर्तुगिजांनी १५१० मध्ये घेतली, बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये त्यांच्याकडे गेले. आजचा मुरगाव तालुका त्या जुन्या साष्टीचाच भाग होता. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे आणि काणकोण हे महाल मात्र त्यांच्या ताब्यात आले ते १७६३ ते १७८८ या काळात, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक उशिरा. या अंतराला मोठा अर्थ आहे. जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात सक्तीची धर्मांतरे झाली, देवळे पाडली गेली, आणि साष्टी-तिसवाडीतील अनेक देव नदी ओलांडून तेव्हा आदिलशाहीत असलेल्या फोंड्याच्या मुलखात हलवले गेले. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा ही त्यांतील सर्वांना ठाऊक असलेली नावे. नव्या काबिजादी पोर्तुगिजांकडे आल्या तेव्हा धर्मांतराचा तो जोर ओसरला होता आणि तिथल्या देवस्थानांना धक्का न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. परिणामी या भागात वस्ती बहुतांशी हिंदू राहिली, आणि कीर्तन, पोथी, जत्रेतील नाटक या मार्गांनी मराठीचा व्यवहार अखंड चालू राहिला. घरात कोंकणी आणि देवळात, शाळेत, वाचनात मराठी, ही तिथली रीत होती. मगोचा पहिला नकाशा या भूमीवर उमटला.

तरीही केवळ धर्माने आणि भाषेने हा नकाशा समजावून सांगणारे बरेचसे लेखन मला अपुरे वाटते. १९६० च्या जनगणनेत गोव्यातील हिंदूंचे प्रमाण सुमारे साठ टक्के होते. सगळ्या हिंदूंनी एकगठ्ठा मतदान केले असते, तर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण, म्हणजे मगोची मागणी, सहज जिंकले असते. तसे घडले नाही. विलीनीकरणाच्या ‘फुला’ला १,३८,१७० आणि वेगळ्या अस्तित्वाच्या ‘दोन पानां’ना १,७२,१९१ मते पडली, म्हणजे ३४,०२१ मतांचे अंतर राहिले. ख्रिस्ती मतांच्या जोडीला हिंदूंमधील एक लक्षणीय भाग ‘दोन पानां’कडे गेला, एवढे या आकड्यांतूनच सिद्ध होते. हिंदू समाजातही भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि कूळ, देवस्थानाचा महाजन आणि त्या देवळाच्या छायेत राहणारा पण मानपानात स्थान नसलेला बहुजन, अशी एक जुनी फूट होती. मगोचे नेते आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, सर्वांचे भाऊसाहेब, स्वतः खाणमालक असूनही त्या फुटीच्या खालच्या बाजूला उभे राहिले, आणि बहुजन समाजाने त्यांना आपले मानले. म्हणून मगोचे मत शोधताना धर्मापाठोपाठ दुसरा प्रश्न विचारावा लागतो तो जमिनीचा: या गावात कसणारा कोण होता आणि मालक कोण होता?

पहिल्या तीन निवडणुकांकडे आता पाहावे. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण आणि दीव मिळून ३० जागांच्या विधानसभेत मगो आणि त्याच्या मित्रांना मिळून १६ जागा मिळाल्या, विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. गोव्याच्या मुख्य भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. त्यानंतर तीन वर्षे गोव्यात विलीनीकरणाखेरीज दुसरा विषय नव्हता. घराघरांत वाद झाले, जानेवारी १९६७ मध्ये कौल झाला आणि मगोची मूळ मागणीच मतदारांनी नाकारली. एखाद्या पक्षाचे जन्मकारणच लोकांनी अमान्य केल्यावर तो पक्ष कोसळायला हवा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण अवघ्या दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा मगो पुन्हा १६ आणि युनायटेड गोवन्स पुन्हा १२. एवढ्या मोठ्या वादळानंतर जागांचा हिशेब आकड्यापुरता तरी तिळमात्र हलला नाही.

माझ्या मते गोव्याच्या निवडणूक इतिहासात अभ्यासकाला शिकवणारी याहून मोठी जोडी नाही. जनमत कौलात सगळ्या गोव्याची मते एकाच राशीत पडत होती, त्यामुळे साष्टीसारख्या तालुक्यातील प्रचंड विरोधाचे प्रत्येक मत मोजले गेले. विधानसभेत तीच मते २८ वेगवेगळ्या राशींत विभागली गेली. साष्टीतील एखादी जागा युनायटेड गोवन्सने कितीही मोठ्या फरकाने जिंकली तरी ती एकच जागा होती, आणि फोंडा, डिचोली, पेडण्याकडे मगोची मते अनेक मतदारसंघांत जिंकण्यापुरती पसरलेली होती. कौलात विलीनीकरणाला वैध मतांपैकी सुमारे ४४.५ टक्के मते मिळाली आणि ती हार ठरली. विधानसभेत तशाच पायावर बहुमत मिळाले. दुसरी गोष्टही खरी आहे. विलीनीकरण नको पण भाऊसाहेब हवेत, असे म्हणणारा मतदार तेव्हाच तयार झाला होता. त्याला मुंबईत मिसळायचे नव्हते, पण गावात मराठी शाळा उघडणारे आणि कुळाच्या बाजूने बोलणारे सरकार हवे होते. १९७२ मध्ये मगोच्या जागा १८ वर गेल्या त्या या मतदारामुळे. तोवर विलीनीकरण हा जिवंत मुद्दा राहिलाच नव्हता.

ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब गेले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७७ मध्ये पक्षाने १५ जागा राखल्या, एप्रिल १९७९ मध्ये सरकार पडले, आणि १९८० मध्ये मगो ७ जागांवर आला. या घसरणीची कारणे सांगताना बहुतेक जण पक्षातील भांडणांवर थांबतात. ती होतीच. पण मला त्याहून खोल एक कारण दिसते. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले, १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याच्या, घराखालच्या जागेचा प्रश्न हाती घेतला आणि कूळ कायद्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. प्रत्यक्ष अंमलबजावणी कोर्टकचेऱ्यांत बरीच वर्षे रखडली, पण राजकीय मागणी म्हणून विषय मिटला. ज्या मागणीने नव्या काबिजादींतील कूळ आणि मुंडकार एका चिन्हाखाली आणले होते, ती मान्य झाल्यावर त्या मतदाराला सिंहाशी, म्हणजे मगोच्या निवडणूक चिन्हाशी, बांधून ठेवणारी दोरी भावनेची आणि सवयीची उरली. सवयीचे मत टिकते, पण ते पुढच्या पिढीला आपोआप मिळत नाही.

इथून पुढे नकाशा बदलू लागतो, आणि तो सर्वत्र सारखा बदलत नाही. सत्तरीचे उदाहरण घ्यावे. प्रतापसिंह राणे १९७२ मध्ये मगोच्या तिकिटावर सत्तरीतून निवडून आले आणि भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात होते. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, १९८० पासून मुख्यमंत्री झाले, आणि सत्तरीचे मत त्यांच्यामागे गेले. नवी काबिजाद, बहुसंख्य हिंदू, शेतकरी वस्ती, अशी मगोला अनुकूल ठरणारी सगळी लक्षणे सत्तरीत होती. तरीही तो तालुका पक्षाकडून एका घराण्याकडे गेला आणि आजही तिथल्या दोन्ही जागा, पर्ये आणि वाळपई, त्या घराण्याकडे आहेत, पक्षचिन्ह मात्र आता कमळ आहे. उलट म्हापशासारख्या जुन्या काबिजादीतील बाजारपेठेच्या गावातून मगोचे आमदार निवडून येत असत. म्हणून भूगोलाला नियती समजू नये. जुन्या सीमांनी कल ठरवला. निकाल ठरवायला मात्र उमेदवार लागला.

१९८९ ही मगोची शेवटची मोठी निवडणूक. गोवा १९८७ मध्ये घटक राज्य झाला, त्याच वर्षी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय व्यवहारात स्थान मिळाले, आणि विधानसभेच्या जागा ४० झाल्या. राजभाषेच्या वादात मराठीवादी मतदार पुन्हा एकत्र आला आणि मगोने १८ जागा जिंकल्या. काँग्रेसच्या २० होत्या. उत्तरेची लोकसभेची जागाही त्या वर्षी गोपाळ मयेकर यांनी पक्षाला मिळवून दिली. पण नंतरच्या दोन वर्षांत जे पक्षांतराचे पर्व चालले त्यात मगोचेच रवी नाईक पक्षातून फुटून जानेवारी १९९१ मध्ये काँग्रेसच्या आधाराने मुख्यमंत्री झाले. सिंहावर निवडून आलेला माणूस दुसऱ्याच्या सरकारचा प्रमुख होतो, हे मतदाराने पाहिले. त्याचा परिणाम किती टक्के, हे मोजता येत नाही, पण फोंड्यातील कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याशी बोलताना विषय तिथे येऊन थांबतो.

मग आली १९९४ ची युती. मगो आणि भारतीय जनता पक्ष एकत्र लढले. मगोला १२ आणि भाजपला ४ जागा मिळाल्या: पणजीत मनोहर पर्रीकर, मडगावात दिगंबर कामत, वाळपईत नरहरी हळदणकर आणि मडकईत श्रीपाद नाईक. या चौघांतील शेवटच्या नावाकडे लक्ष द्यावे. मडकई हा खुद्द भाऊसाहेबांचा मतदारसंघ. तो युतीत भाजपकडे गेला. फोंड्यातील मगोच्या मतदाराने सिंहाऐवजी कमळावर शिक्का मारण्याची सवय त्या निवडणुकीत करून घेतली, आणि एकदा हात वळला की परत वळवणे कठीण असते. पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, भाजप १० वर गेला आणि मगो ४ वर आला. २००२ मध्ये हेच अंतर १७ आणि २ असे झाले. श्रीपाद नाईक १९९९ पासून उत्तर गोव्याचे खासदार आहेत. त्या मतदारसंघातून मगोने शेवटचा विजय १९९६ मध्ये रमाकांत खलप यांच्या रूपाने पाहिला होता. धाकट्या भावाला घरात घेताना त्याचा वाटा किती वाढेल याचा अंदाज मगोच्या नेतृत्वाला आला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही पक्षांचा संभाव्य मतदार एकाच भूगोलात राहत होता, आणि अशा वेळी युतीत लहान पक्ष मोठा होत जातो किंवा मोठा पक्ष लहान होत जातो. दोघे सारखे वाढत नाहीत.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे टक्केवारी आणि जागा. आजच्या ४० मतदारसंघांची जुन्या सीमेनुसार वाटणी केली तर नव्या काबिजादींत १६ येतात: पेडणे तालुक्यात मांद्रे आणि पेडणे, डिचोलीत डिचोली, मये आणि साखळी, सत्तरीत दोन, फोंड्यात प्रियोळ, फोंडा, शिरोडा आणि मडकई, आणि दक्षिणेकडे सावर्डे, सांगे, कुडचडे, केपे, काणकोण. उरलेले २४ जुन्या काबिजादींत. मगोने २०१२ मध्ये मडकई, प्रियोळ आणि फोंडा जिंकले. २०१७ मध्ये मडकई, पेडणे आणि सावर्डे. २०२२ मध्ये मडकई आणि मांद्रे. तीन निवडणुकांत आठ विजय, आणि आठही त्या १६ मतदारसंघांतील. २४ पैकी एकही नाही. आठांपैकी पाच एकट्या फोंडा तालुक्यातील, दोन पेडण्यातील आणि एक सावर्डेचा. पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात आखलेली रेघ आजही इतकी ठळक आहे, हे पहिल्यांदा ताळा करून पाहिले तेव्हा मलाही थांबून पुन्हा मोजावे लागले होते.

२०१७ चा निकाल समजण्यासाठी दोन लहान पक्ष शेजारी ठेवावेत. मगोने त्या वेळी गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेना यांच्याबरोबर आघाडी करून बऱ्याच जागा लढवल्या, सुदिन ढवळीकर यांना मुख्यमंत्रिपदाचा चेहरा म्हणून पुढे केले, आणि ११.२७ टक्के मते मिळवून ३ जागा जिंकल्या. गोवा फॉरवर्डने चारच जागा लढवल्या, ३.४८ टक्के मते मिळवली आणि त्यालाही ३ जागा मिळाल्या. मगोची बाकीची मते वाया गेली, असे म्हणण्याची पद्धत आहे. मी ‘वाया’ हा शब्द वापरत नाही, कारण त्या मतांनी अनेक ठिकाणी दुसऱ्या कोणाचा तरी निकाल बदललेला असतो. पण जागांच्या दृष्टीने ती पसरट मते होती. गोव्यातील मतदारसंघ अतिशय लहान आहेत; साधारण पंचवीस ते तीस हजार मतदारांचा एक. तिरंगी किंवा चौरंगी लढतीत नऊ-दहा हजार मते जिंकायला पुरतात आणि पाच हजार मते घेतलेला उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहतो. पाच हजारांचे असे दहा ढीग मिळून राज्याच्या टक्केवारीत घसघशीत दिसतात, विधानसभेत मात्र शून्य राहतात.

२०२२ ने हेच आणखी स्पष्ट केले. मगोने तृणमूल काँग्रेसशी आघाडी करून १३ जागा लढवल्या, ७.६० टक्के मते आणि २ जागा मिळवल्या. रिव्होल्युशनरी गोवन्सने जवळपास सगळ्या जागा लढवून ९.४५ टक्के मते घेतली आणि १ जागा मिळवली. आम आदमी पक्षाची ६.७७ टक्के मते होती, पण साष्टीत दाट होती, म्हणून बाणावली आणि वेळ्ळी या २ जागा त्याला मिळाल्या. तृणमूलला ५.२१ टक्के मतांवर एकही जागा मिळाली नाही. या चार आकड्यांवरून कोणता पक्ष ‘लोकप्रिय’ आहे हे ठरवायला बसलेला माणूस चुकणारच. कोणाची मते कुठे साठली आहेत, एवढेच त्यातून वाचता येते.

२०२२ मध्ये मगो दोनच जागांवर राहिला हेही अपुरे चित्र आहे. फोंड्यात पक्षाचे केतन भाटीकर रवी नाईक यांच्याकडून ७७ मतांनी हरले. प्रियोळात दीपक ढवळीकर गोविंद गावडे यांच्याकडून २१३ मतांनी हरले. आणि मांद्र्यात जीत आरोलकर ७१५ मतांनी जिंकले. पहिल्या दोन ठिकाणची मिळून तीनशेच्या आत मते इकडची तिकडे झाली असती तर आपण आज चार आमदारांच्या मगोविषयी बोलत असतो आणि ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द वापरत असतो. लहान राज्यातील लहान पक्षाच्या जागांचा आकडा हा एका वाड्यावरच्या दोन कुटुंबांच्या नाराजीने बदलू शकतो. म्हणून मी एका निवडणुकीच्या जागांवरून कल सांगत नाही. सलग तीन निवडणुकांतील पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जागा एकत्र मांडतो. तशी मांडणी केली की फोंडा तालुक्यातील मडकई, प्रियोळ, फोंडा हा सलग पट्टा आणि उत्तरेला पेडणे तालुका, एवढे दोन गाभे स्थिर दिसतात. बाकीचे ठिपके येतात आणि जातात.

या दोन गाभ्यांतही फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मडकईत सुदिन ढवळीकर १९९९ पासून प्रत्येक निवडणूक सिंहावरच जिंकत आले आहेत. तिथे उमेदवार, संघटना आणि चिन्ह यांचे मत इतके एकजीव झाले आहे की त्यांना वेगळे करून दाखवणे अशक्य आहे. पेडण्याचे तसे नाही. पेडणे मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, राज्यातील तसा एकमेव. तिथे २०१७ मध्ये मगोच्या तिकिटावर मनोहर आजगावकर निवडून आले. मांद्र्यात जीत आरोलकर यांनी २०१९ ची पोटनिवडणूक अपक्ष म्हणून लढवून दुसरा क्रमांक मिळवला होता आणि २०२२ मध्ये ते मगोचे उमेदवार झाले. म्हणजे पेडणे तालुक्यात उमेदवार आपले मत घेऊन येतो आणि पक्ष त्यात जुन्या निष्ठेची काही शेकडा मते घालतो. चुरशीच्या लढतीत तेवढी भर निर्णायक ठरते. मडकईचे मत पक्षाचे आणि मांद्र्याचे मत व्यक्तीचे, असे टोक मी गाठणार नाही, पण उमेदवार मगो सोडून गेल्यावर किती मत त्याच्याबरोबर जाईल याचे उत्तर या दोन ठिकाणी वेगवेगळे येईल.

त्याची एक परीक्षा होऊनही गेली आहे, आणि तिथून प्रश्नाच्या तिसऱ्या भागाकडे येता येते. मार्च २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या निधनानंतर अवघ्या दहा दिवसांत मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी, आजगावकर आणि दीपक पाऊसकर यांनी, विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केला. पक्षांतरबंदी कायद्यातील दोन-तृतीयांशांची अट तीन आमदारांच्या पक्षात दोघांनीच पुरी होते, हा लहान पक्षाला असलेला कायमचा धोका आहे. २०२२ मध्ये काय झाले? आजगावकर पेडणे सोडून मडगावातून लढले आणि हरले. पाऊसकर सावर्डेत अपक्ष लढले आणि हरले. पेडण्यात भाजपचे प्रवीण आर्लेकर जिंकले, जे त्या निवडणुकीच्या तोंडावर मगोतून भाजपमध्ये गेले होते. मगोचे राजन कोरगावकर दुसरे आले. दोन्ही जागा अखेर भाजपकडेच गेल्या, हे खरे. पण फुटून गेलेल्यांना त्या आपल्याबरोबर नेता आल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

तेव्हा जुना मगोवाला आता भाजपवाला झाला का? विधानसभा आणि लोकसभा वेगळ्या ठेवल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. लोकसभेच्या मैदानात मगो बळ म्हणून उरलेला नाही, आणि २०२४ मध्ये त्याने भाजपला पाठिंबाच दिला. तिथे या पट्ट्यातील मत मोठ्या प्रमाणावर कमळाला जाते आणि फोंडा तालुक्यातील केंद्रांवर ते स्पष्ट दिसते. (तालुक्याचे आकडे जुळवताना एक काळजी घ्यावी: फोंडा, शिरोडा आणि मडकई दक्षिण गोवा लोकसभा मतदारसंघात आहेत, प्रियोळ उत्तरेत; आणि फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिणेत गेला. जिल्ह्यानुसार मांडलेले जुने आणि नवे तक्ते सरळ ताडून पाहिले तर फोंड्याचे मत हरवल्यासारखे दिसते.) विधानसभेत मात्र तोच मतदार परत येतो. मडकईत तो प्रत्येक वेळी परत आला आहे, प्रियोळ आणि फोंड्यात निम्म्याच्या आसपास परत येतो, डिचोलीत उमेदवार पाहून येतो. २०२२ मध्ये तिथे नरेश सावळ मगोकडून दुसऱ्या क्रमांकावर होते आणि सत्ताधारी भाजप तिसऱ्या. सत्तरीत तो परत येत नाही. या मतदाराला मी भाजपचा मतदार म्हणणार नाही आणि निव्वळ मगोचाही म्हणणार नाही. दिल्लीसाठी एक आणि पणजीसाठी दुसरे, असे दोन हिशेब तो ठेवतो, आणि दोन्ही हिशेब त्याच्या दृष्टीने सुसंगत आहेत.

मात्र वयाचा एक मुद्दा या परत येण्यावर मर्यादा घालतो. भाऊसाहेबांच्या काळात मराठी शाळेत शिकलेला आणि कूळ कायद्याने जमीन मिळालेला मतदार आज वयाच्या सत्तर वर्षांच्या पुढे आहे. त्याच्या नातवासमोर जमिनीचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे: ती विकली जात आहे, रूपांतरित होत आहे, आणि बाहेरून येणाऱ्यांच्या हाती जात आहे, ही त्याची चिंता आहे. त्या चिंतेला २०२२ मध्ये रिव्होल्युशनरी गोवन्सने शब्द दिले. त्यांच्या साडेनऊ टक्क्यांत पेडणे, फोंडा, डिचोलीतील तरुण बहुजन मत किती, हे केंद्रनिहाय आकड्यांतून वयानुसार वेगळे काढता येत नाही. पण एकेकाळी जिथे सिंह चालत असे अशा वाड्यांवरही त्यांना मते पडली आहेत. भूमिपुत्राची भाषा ही मूळची मगोची होती. ती दुसऱ्याच्या तोंडी गेली आणि मगोने ती परत मागितली नाही, याची मला हळहळ वाटते, कारण कुळाला मालक करण्याचा वारसा सांगण्याचा हक्क या राज्यात दुसऱ्या कोणत्याही पक्षापेक्षा मगोचा अधिक आहे.

ज्यांना हे स्वतः तपासायचे आहे त्यांनी फोंडा तालुक्यातील चार मतदारसंघांचे २०१२, २०१७ आणि २०२२ चे फॉर्म २० घ्यावेत आणि २०१९ व २०२४ च्या लोकसभेचे त्याच केंद्रांचे आकडे शेजारी ठेवावेत. केंद्रांचे क्रमांक मधल्या काळात बदललेले असतात, म्हणून शाळेच्या किंवा इमारतीच्या नावावरून जुळवावे, क्रमांकावरून नाही. शिरोड्यापासून सुरुवात करावी, कारण तिथे तालुका तोच, इतिहास तोच, कूळ-भाटकार संबंध तेच, आणि तरीही या तिन्ही निवडणुकांत मगोला ती जागा मिळालेली नाही. मडकईची वेस ओलांडून शिरोड्यात शिरताना मत कोणत्या गावापासून पातळ होते, हे ज्याने केंद्रागणिक पाहिले त्याला मगोविषयी राज्यभराच्या कोणत्याही टक्केवारीपेक्षा अधिक कळेल.